ब्लार्नी : एका किल्ल्याचा शब्द कसा झाला

1602 साली आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क शहराजवळच्या एका किल्ल्याच्या दाराशी काही इंग्रज अधिकारी येऊन उभे राहिले. जवळच्या रानात हरणांच्या शिकारीला आलो होतो, आता दमलो आहोत, घोटभर वाइन आणि व्हिस्की मिळाली तर बरे होईल, असे त्यांचे म्हणणे. आयरिश सरदारांच्या घरी या दोन्हींची कधी वाण नसते, हे सगळ्यांना माहीत होते. पण शिकार हा निव्वळ बहाणा होता. त्यांचे प्रमुख सर चार्ल्स विल्मट यांना पाहुणा म्हणून आत शिरायचे होते आणि एकदा आत शिरल्यावर किल्ला ताब्यात घ्यायचा होता. पहारेकऱ्यांनी काय ओळखायचे ते ओळखले. त्यांनी विल्मटला आत घेतले तर नाहीच, पण बाहेरच्या आवाराच्या फाटकातून डोकावूही दिले नाही. मंडळी तहानलेलीच परत गेली.

त्या किल्ल्याचे नाव ब्लार्नी. वर सांगितलेला प्रसंग मन्स्टर प्रांतातल्या तेव्हाच्या युद्धाच्या इंग्रजी वृत्तांतातच आला आहे. हा वृत्तांत 1633 साली छापला गेला. म्हणजे या किल्ल्याच्या दाराशी गोड बोलून काम साधण्याचा जो प्रयत्न इंग्रजांनी स्वतः लिहून ठेवला, तो इंग्रजांचाच होता. तरीही पुढे इंग्रजी भाषेत ‘ब्लार्नी’ हा शब्द रूढ झाला तो आयरिश माणसाच्या गोड बोलण्यासाठी. समोरच्याला खूश करणारे, मऊसूत, ऐकताना कानाला बरे वाटणारे आणि हाताला काहीच न लागू देणारे बोलणे म्हणजे ब्लार्नी. या शब्दाची कहाणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. बोलणारा एक आणि त्याच्या बोलण्याला नाव ठेवणारा दुसरा, असे झाले की शब्दात काय शिरते आणि काय गळून पडते, ते इथे स्पष्ट दिसते.

आधी अर्थाची छटा नीट पाहू. खुशामत करणारा माणूस काहीतरी मागत असतो. साहेबाच्या पुढेपुढे करणाऱ्याला बढती हवी असते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यालाही बहुधा काही साधायचे असते. ब्लार्नीत हे सगळे थोडेफार आहे, पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बोलण्याची मजा. ब्लार्नी करणारा तुम्हाला हसवतो, गोष्ट सांगतो, तुमची स्तुती करताना स्वतःही रंगतो. तो अतिशयोक्ती करतो आहे हे तुम्हाला कळत असते, तुम्हाला कळते आहे हे त्यालाही ठाऊक असते, आणि तरी दोघे खूश असतात. त्यामुळे इंग्रजीत हा शब्द शिवीसारखाही वापरता येतो आणि कौतुकानेही. कुणी तो कुणाबद्दल वापरला यावर ते ठरते.

या शब्दाच्या जन्माची जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, ती राणी पहिली एलिझाबेथ हिच्या नावावर आहे. राणीने मन्स्टरचा अध्यक्ष सर जॉर्ज कॅर्यू याला हुकूम दिला की ब्लार्नीच्या कॉर्मक मॅकार्थीकडून किल्ला ताब्यात घ्यावा. कॉर्मक प्रत्येक वेळी हो म्हणे. किल्ला तुमचाच, मी राणीसाहेबांचा सेवक, फक्त एवढे एक काम उरकू दे. मग मेजवानी होई, मग लांबलचक पत्र जाई, मग नवी सबब निघे. घोंगडे भिजत पडले ते पडलेच. शेवटी कॅर्यूचा आणखी एक अहवाल वाचून राणी वैतागून म्हणाली, ही सगळी ब्लार्नी आहे, हा माणूस बोलतो ते करायचे त्याच्या मनात कधीच नसते. आणि शब्द जन्माला आला.

गोष्ट सुरेख आहे. तिच्यातले वातावरणही खरे आहे. पण तिला जो पुरावा हवा तो तिच्यापाशी नाही. राणी वारली मार्च 1603 मध्ये. तिच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे हे वाक्य आख्यायिकेतूनच आपल्यापर्यंत आले आहे. मॅकार्थी घराण्यात कॉर्मक नावाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या झाले, त्यामुळे गोष्ट सांगणारे कधी एका कॉर्मकचे नाव घेतात, कधी दुसऱ्याचे. सर्वांत मोठी अडचण म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर दीड शतकाहून अधिक काळ उलटून गेल्यावर हा शब्द छापील इंग्रजीत ठळकपणे दिसू लागतो. राणीच्या तोंडून निघालेला इतका चटकदार शब्द दरबारी लोकांनी, नाटककारांनी, पत्रलेखकांनी दीड शतक वापरला नसता, हे पटत नाही.

गोष्ट अशी डळमळीत असली तरी तिच्या मागची परिस्थिती मात्र पक्की आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय कॉर्मकवर अन्याय होतो. इंग्रजांना त्याच्याकडून नुसता एक किल्ला नको होता. 1540च्या दशकापासून इंग्रज सत्तेने आयरिश सरदारांसाठी एक धोरण आखले होते. सरदाराने आपली सगळी जमीन राजाच्या चरणी अर्पण करायची आणि राजाने तीच जमीन सनद करून त्याला परत द्यायची. वरवर पाहता कुणाचे काहीच गेले नाही. पण आयरिश कायद्यात जमीन सरदाराच्या एकट्याच्या मालकीची नसे, ती कुळाची असे. पुढचा सरदार कोण हे भाऊबंदांतून निवडले जाई. थोरला मुलगाच गादीवर बसेल असा नियम नव्हता. राजाची सनद घेतली की हे सगळे एका फटक्यात मोडत असे. जमीन सरदाराची खाजगी मालमत्ता होई, ती थोरल्या मुलाकडे जाई, आणि राजाशी बेइमानी केल्याचा आरोप आला की ती जप्तही करता येई. म्हणजे कागदावर सही करणारा सरदार भाऊबंदांचा हक्क विकून मोकळा होत होता. असा माणूस हो म्हणताना चाचरला, तारखा पुढे ढकलत राहिला, तर मला त्यात लबाडीपेक्षा जबाबदारीची जाणीव अधिक दिसते.

त्यात काळ मोठा कठीण होता. आयर्लंडच्या उत्तरेतल्या सरदारांनी ह्यू ओनीलच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारले होते. 1601च्या शरद ऋतूत त्यांच्या मदतीला काही हजार स्पॅनिश सैनिक किन्सेलच्या बंदरात उतरले. किन्सेल ते ब्लार्नी हे अंतर एका दिवसाच्या घोडदौडीचेही नाही. कॉर्मक मॅकार्थी या लढाईत इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला, पण स्पॅनिशांशी त्याचे आतून बोलणे चालू आहे असा संशय कॅर्यूला आला. डिसेंबरमध्ये किन्सेलला आयरिश सैन्याचा पाडाव झाला आणि मग संशयितांचा हिशेब सुरू झाला. 1602 मध्ये कॅर्यूने कॉर्मकला कैद केले. किल्ल्याच्या भिंती अठरा फूट जाड, पाया अखंड खडकावर, त्यामुळे सुरुंग लावणेही शक्य नाही, असे इंग्रजी वृत्तांतच सांगतो. म्हणून तर शिकारीचे सोंग करावे लागले. सोंग फसले तरी मालकच हातात असल्यावर वाटाघाटींना जोर आला आणि किल्ला मिळाला. कॉर्मक मात्र कॉर्कच्या कैदेतून निसटला. पुढे तो शरण आला, माफी मिळवली आणि आपली जहागीरही टिकवली. उत्तरेचे मोठे सरदार पाचच वर्षांनी देश सोडून परागंदा झाले, हे पाहिले की कॉर्मकने काय साधले ते लक्षात येते.

आता शब्दाकडे येऊ. 1766 साली ऑलिव्हर गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. गोल्डस्मिथ जन्माने आयरिश. त्याच्या कादंबरीत एका भोळ्या पाद्र्याच्या घरी शहरातून दोन भपकेबाज बायका येतात. त्यांतल्या एकीचे नाव लेडी ब्लार्नी. सरदार-उमरावांची नावे तोंडावर खेळवत, मुलींच्या गुणांची तारीफ करत त्या पाद्र्याच्या बायकोला पुरते भारून टाकतात. मुलींना लंडनला नेऊन मोठ्या घरी ठेवण्याची स्वप्ने दाखवतात. घरातला एकच माणूस, बर्चेल, शेकोटीकडे तोंड करून बसलेला असतो आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर ‘छट्!’ अशा अर्थाचा एक उद्गार काढत राहतो. तो बरोबर असतो, कारण या बायका कुलीन नसतातच; त्यांना एका लंपट जमीनदाराने कट करून आणलेले असते. गोल्डस्मिथने नावाचा खुलासा कुठे केलेला नाही. नाव वाचताच वाचकाला बाईची जात कळेल, अशी त्याची खात्री असणार. म्हणजे तोवर बोलण्यात तरी हा शब्द बऱ्यापैकी रुळला होता, असे मी मानतो.

पुढचा साक्षीदार अधिक मोलाचा आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या इंग्रजाने लंडनच्या गल्लीबोळांत, दारूच्या गुत्त्यांत, शिपायांच्या छावण्यांत ऐकू येणारे शब्द गोळा करून 1785 साली त्यांचा कोश छापला. सभ्य कोशकारांनी ज्या शब्दांना हात लावला नाही ते शब्द त्याने आवडीने टिपले. त्यात ब्लार्नीची नोंद आहे. ग्रोस सांगतो की कॉर्क परगण्यात या नावाच्या जुन्या किल्ल्याच्या अगदी माथ्यावर एक तिकोनी दगड आहे. तिथे पोचणे महाकठीण. त्यामुळे तिथवर चढून जाणे ही धाडसाची आणि चपळाईची खूण मानली जाई, आणि न चढताच चढल्याची फुशारकी मारणारे पुष्कळ निघत. यावरून ब्लार्नी म्हणजे अचाट थाप, आणि कधीकधी खुशामत. नोंदीच्या शेवटी शिक्का : आयरिश.

या नोंदीत राणी नाही. कॅर्यू नाही, कॉर्मक नाही. दगडाने वाणीला धार येते असेही नाही. आहे ती थाप, न केलेल्या पराक्रमाची, आणि खुशामत हा अर्थ शेपटासारखा मागून जोडलेला. शब्दाचा उगम शोधायचा तर मी ग्रोसवर राणीपेक्षा अधिक विश्वास ठेवीन. एका अवघड जागेवरचा दगड, त्याभोवती गावकऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या बढाया, त्या बढायांवरून गावाचे नाव थापेला चिकटणे, आणि मग थापेवरून गोड थापेकडे सरकणे, हा प्रवास बोलीभाषेत अगदी सहज घडणारा आहे. राणीची गोष्ट बहुधा मागाहून आली असावी; सर्वतोमुखी झालेल्या शब्दाला एखादा थोर जन्मदाता लागतो, आणि एलिझाबेथपेक्षा थोर कोण मिळणार?

एकोणिसाव्या शतकात अर्थ आणखी सरकला, आणि तो कॉर्कच्याच माणसांनी सरकवला. 1824 साली क्रॉफ्टन क्रोकर या कॉर्कच्या लोककथा-संग्राहकाने दगडाबद्दल लिहिले ते असे की त्याचे चुंबन घेणाऱ्याला हवे तेव्हा निर्लज्जपणे खोटे बोलण्याची मुभा मिळते. अजून सूर थापेचाच आहे, पण सोबत चुंबनही आहे. त्याआधी पंचवीसेक वर्षे रिचर्ड मिलिकिन या कॉर्कच्याच कवीने ब्लार्नीच्या बागांवर एक विनोदी गाणे रचले होते. 1830च्या दशकात फ्रान्सिस मॅहनी या दुसऱ्या कॉर्ककराने ‘फादर प्राउट’ या टोपणनावाने लिहिताना त्या गाण्याला दगडाबद्दलच्या ओळी जोडल्या. त्याचे म्हणणे असे की दगडाचे चुंबन घेणारा हमखास वक्ता होतो, बायकांची मने जिंकतो किंवा पार्लमेंटात निवडून जातो. हे गाणे लंडनच्या मासिकांतून आणि बैठकींतून पसरले. निर्लज्ज खोटेपणाच्या जागी वाक्चातुर्य आले ते इथे. आज किल्ल्याच्या तिकिटासोबत जे वरदान मिळते ते या चतुर आणि प्रेमळ कॉर्ककराचे आहे.

दगडाचे चुंबन घ्यायचे कसे, हेही सांगायला हवे. सध्याचा मनोरा 1446 साली कॉर्मक लॉदिर, म्हणजे ‘बलवान’ कॉर्मक, याने बांधला; बांधणाऱ्याचे नाव आणि साल सांगणारा लॅटिन लेखही किल्ल्यावर होता. आतला जिना दगडी, चक्राकार, इतका अरुंद की माणसाने एकामागून एक चढावे. वर पोचल्यावर कळते की हवा असलेला दगड पायाखाली नाही की समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूलाही नाही. तटाचा कठडा भिंतीपासून थोडा पुढे काढलेला आहे आणि दोहोंच्या मध्ये फट आहे. खाली चालून आलेल्या शत्रूवर धोंडे टाकण्यासाठी ही सोय. दगड बसवला आहे तो फटीपलीकडच्या कठड्याच्या तळाशी. म्हणून माणसाने फटीकडे पाठ करून बसायचे, उताणे व्हायचे, दोन लोखंडी दांडे घट्ट धरायचे आणि डोके मागे खाली सोडायचे. कमरेला धरायला एक माणूस असतो. डोळ्यांसमोर उलटी भिंत आणि खाली पंचवीसेक मीटरवर जमीन. तोंड दगडाला लागते ते क्षणभर. आता फटीत आडवे गज टाकलेले आहेत. पूर्वी पाय धरून माणसाला बाहेर लोंबकळत सोडत. ग्रोसने त्या चढाईला धाडस म्हटले ते उगाच नाही.

दगडाच्या नावावर इतर कथाही रचल्या गेल्या. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक ज्यावर होई त्या दगडाचा हा अर्धा तुकडा, रॉबर्ट ब्रूस राजाने 1314च्या बॅनकबर्नच्या लढाईतल्या मदतीबद्दल मॅकार्थींना दिलेला, ही त्यांतली सर्वांत मानाची. दुसरी कथा कॉर्मक लॉदिरची. कज्ज्यात अडकलेला कॉर्मक क्लीना देवीला शरण गेला. देवीने सांगितले, सकाळी कचेरीला जाताना जो पहिला दगड दिसेल त्याचे चुंबन घे. त्याने घेतले, असे काही बोलला की दावा जिंकला, आणि मग तो दगड त्याने किल्ल्याच्या तटात बसवला. या कथांची परीक्षा 2014 साली झाली. ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात एकोणिसाव्या शतकात काढलेली या दगडाची एक पातळ चकती सापडली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घासून तयार केलेली. ती तपासल्यावर दिसले की हा सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे, समुद्री जीवांच्या शिंपल्यांनी भरलेला आणि कॉर्कच्याच परिसरातला. स्कॉटलंडचा तो अभिषेकाचा दगड वाळूखडकाचा आहे. नाते तुटले.

पण या सगळ्या धामधुमीत ब्लार्नीची जी खरी थोरवी, ती बाजूलाच राहिली आहे. आयरिश समाजात स्तुती हा एक विद्याव्यासंग होता. कवीला वर्षानुवर्षे पाठशाळेत शिकावे लागे. विद्यार्थी खिडक्या नसलेल्या अंधाऱ्या खोलीत आडवे पडून दिवसभर मनातल्या मनात कविता रचत आणि संध्याकाळी दिवे आणले की ती उतरवून काढत, अशी वर्णने आहेत. सरदाराची वंशावळ, त्याच्या घराण्याचा पराक्रम, त्याची दानत हे कवी छंदात बांधे आणि त्याबद्दल त्याला गुरे मिळत, जमीन मिळे. तोच कवी निंदाकाव्यही रचू शके, आणि त्या निंदेला सरदार थरथर कापत. मॅकार्थी अशा कवींचे आश्रयदाते होते. 1690च्या दशकात पदच्युत झालेल्या दुसऱ्या जेम्स राजाची बाजू घेतल्यामुळे त्यांची जहागीर जप्त झाली, 1703 साली किल्ला कॉर्कच्या गव्हर्नराच्या, जेफ्रीज यांच्या घराण्यात गेला. आश्रयदाता उरला नाही तरीही ब्लार्नीच्या परिसरात कवींची सभा भरतच राहिली. दियर्मिद मॅकार्थी आणि त्याच्या मागून लियम मॅकार्तन यांनी तिचे प्रमुखपद सांभाळले. शेतकरी, लेखनिक, धर्मगुरू अशी माणसे जमत, एकमेकांच्या रचना ऐकत, जुन्या पोथ्या नकलून घेत. जिथे शब्दाला असे वजन होते त्या गावाचे नाव इंग्रजीत पोकळ बोलण्याला चिकटले, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या सभेची भाषा इंग्रजांना कळत नव्हती. त्यांना ऐकू येई ते आयरिश माणसाने परक्या भाषेत, साहेबासमोर उभे राहून बोललेले इंग्रजी. तिथे तो गोडच बोलणार.

लंडनच्या रंगभूमीवर तोवर आयरिश माणसाचे एक ठरीव सोंग तयार झाले होते, बडबड्या, भांडकुदळ, लाघवी आणि बेभरवशाचा. ब्लार्नी हा शब्द त्या सोंगाला अंगरख्यासारखा बसला. राजकारणातही तो कामी आला : आयरिश पुढारी संसदेत चांगला बोलला की ‘ब्लार्नी’ म्हणून त्याच्या मुद्द्याला उत्तर न देताच बसता येई. 1845च्या दुष्काळानंतर लाखो आयरिश माणसे अमेरिकेला गेली आणि तिथे मात्र शब्दाचा सूर पालटला. न्यूयॉर्कच्या दारूगुत्त्यांना ‘ब्लार्नी स्टोन’ अशी नावे पडली. पोरकेपणात गावाची आठवण म्हणून माणसांनी तो अंगावर मिरवला. सेंट पॅट्रिकच्या दिवशी अमेरिकेत तो अजूनही अभिमानाने ऐकू येतो.

खुद्द आयर्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही. कुणी लाडीगोडी लावू लागले की तिथली माणसे, इंग्रजीत बोलत असतानाही, आपल्या भाषेतला ‘प्लॉमॉस’ हा शब्द वापरतात. प्लॉमॉस नको, कामाचे बोल, असे आई मुलाला सांगते, दुकानदार गिऱ्हाईकाला सांगतो. ब्लार्नी त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवला आहे.